खुरांचे दुखणे आणि बायोटिनची बाटली

आवणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून एक तक्रार हमखास कानावर येते. गाय लंगडते. आधी नुसता एक पाय उचलून धरते, मग चरायला जाताना मागे राहते, मग गव्हाणीपाशी बसूनच राहते. बसलेली गाय पुरेसे खात नाही आणि न खाणारी गाय दूध देत नाही. आठ-पंधरा दिवसांत रतीब मोडायची वेळ येते. अशा वेळी शेजारचा एखादा जाणता सांगतो, "अहो, बायोटिन कमी पडलंय. बाटली आणा, पंधरा दिवसांत गाय पळायला लागेल." मालक बिचारा दुधाच्या पैशांतून बाटली आणतो, गाईला पाजतो आणि वाट पाहत बसतो.

बायोटिन हे थोतांड आहे काय? मुळीच नाही. खुरांचा आणि बायोटिनचा संबंध खरा आहे, तो प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. पण ते कोणत्या गाईला, किती आणि किती दिवस द्यायचे, हे बाटलीसोबत कोणी सांगत नाही. जी गाय चारा खाऊन स्वतःच्या पोटात बायोटिन तयार करते तिला तेच विकत घेऊन पाजायचे, आणि तिला जे खरोखर मिळत नाही ते मात्र द्यायचे नाही, असा उलटा कारभार अनेक गोठ्यांत चालू आहे. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेतला पाहिजे.

बायोटिन म्हणजे काय?

बायोटिन हे 'ब' गटातले, पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांची कातडी बिघडते, केस झडतात, हे १९२७ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. पांढऱ्या भागातला एक पदार्थ बायोटिनला घट्ट धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही, म्हणून हा प्रकार होतो. कातडीला जर्मन भाषेत 'हाउट' म्हणतात, त्यावरून या जीवनसत्त्वाला 'एच' हे अक्षर मिळाले. १९३६ मध्ये ते प्रथम शुद्ध रूपात वेगळे काढले गेले, तेव्हा बदकाच्या अंड्यांच्या सुमारे २५० किलो सुक्या बलकातून जेमतेम एक मिलिग्रॅम हाती लागले होते. शरीराला ते लागते इतके थोडे, पण त्यावाचून अडते मात्र फार.

गाईच्या शरीरात त्याची दोन मोठी कामे आहेत. पहिले खुराचे. खूर, शिंग, केस हे सगळे केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे बनलेले असतात. खुराच्या पेशी एकमेकींना चिकटून राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा एक थर असतो. भिंतीच्या विटांमध्ये जसा चुना-सिमेंट, तसा. तो थर बनवायला बायोटिन लागते. तो कच्चा राहिला की खूर ठिसूळ होतो, भेगा पडतात आणि खुराची भिंत जिथे तळव्याला जोडलेली असते तो पांढरा पट्टा उकलतो. त्या फटीतून चिखल, खडा आत शिरतो, पू होतो आणि गाय लंगडते.

दुसरे काम दुधाचे. चारा आंबल्यावर गाईच्या पोटात जी आम्ले तयार होतात त्यांतल्या एकापासून यकृत साखर बनवते आणि त्याच साखरेवर दूध बनते. या साखर बनवण्याच्या साखळीत बायोटिन लागते. म्हणून भरपूर दूध देणाऱ्या गाईला बायोटिनची गरजही जास्त पडते.

गाईच्या पोटातला कारखाना

माणसाला जीवनसत्त्वे खाण्यातून मिळवावी लागतात. गाईचे तसे नाही. तिच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईत तो शंभर लिटरच्याही वर भरतो. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. गवत, पेंढा, कडबा कुजवून पचवण्याचे काम ते करतात आणि ते करता करता 'ब' गटातली जीवनसत्त्वे, बायोटिनसुद्धा, तयार करतात. हा कारखाना मालकाला फुकटात मिळालेला आहे. त्याला फक्त कच्चा माल नीट पुरवायचा आणि तो बिघडू द्यायचा नाही.

तो बिघडतो कशाने? धान्य, भरडा, पीठ असे लवकर आंबणारे खाद्य जास्त आणि लांब चारा कमी झाला की कोटीपोटात आंबटपणा वाढतो. आंबटपणा वाढला की बायोटिन तयार होण्याचे प्रमाण घटते. चारा कमी करून धान्य वाढवत नेले तर बायोटिनचे उत्पादन उतरते, हे प्रयोगशाळेत कृत्रिम कोटीपोटावर १९९० च्या दशकात दाखवले गेले आहे. शिवाय या आंबटपणाने नुसते बायोटिनच घटते असे नाही. खुराच्या आतल्या नाजूक भागाचा रक्तपुरवठाही बिघडतो, खूर गरम होतो, दुखतो. याला लॅमिनायटिस म्हणतात.

आपल्याकडे हे कसे घडते ते पाहा. लग्नाच्या मांडवातला उरलेला भात घमेलेभर गाईपुढे ओततात. पोळ्याला बैलाला मायेने पुरणपोळ्या चारतात. व्यालेल्या गाईला दूध वाढावे म्हणून एकाच दिवशी पेंड आणि भरडा दुप्पट करतात. माया खरी, पण कोटीपोटाला ती सोसत नाही. जास्त भात खाल्लेले जनावर पोट फुगून, सुस्त पडून दगावते हे गावोगाव पाहिलेले आहे. जे वाचते त्याला पुढे महिना-दोन महिन्यांनी खुराचे दुखणे लागू शकते. तोपर्यंत लग्न विसरलेले असते आणि दोष पावसाला दिला जातो.

परदेशातले प्रयोग काय सांगतात?

बायोटिनच्या बाजूने जे पुरावे आहेत ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या होल्स्टीन गाईंचे आहेत. इंग्लंडमधील पाच गोठ्यांत रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिल्यावर दोन किंवा अधिक वेतांच्या गाईंमध्ये पांढरा पट्टा उकलून लंगडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पहिलारू गाईंत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. आणि गुण दिसायला सहा महिने लागले.  २००१ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील संशोधकांनी दाखवले की, रोज ३७ किलो दूध देणाऱ्या गाई २० मिलिग्रॅम बायोटिनवर ४० किलोच्या जवळ पोचल्या. पुढे अशा अनेक प्रयोगांची गोळाबेरीज झाली, तेव्हा दुधातली सरासरी वाढ दिवसाला सव्वा किलोच्या आसपास निघाली.

आता ही गाय आणि आपली गाय शेजारी उभी करून पाहा. ती रोज ३७ किलो दूध देते, दिवसभर सिमेंटवर उभी असते आणि तिच्या खाण्यात निम्मे धान्य असते. तिचे कोटीपोट आंबटपणाच्या काठावर चालते आणि गरज मात्र प्रचंड. तिला बायोटिन कमी पडते यात नवल नाही. आपल्या किन्हवली-डोळखांबकडची किंवा धसई-टोकावड्याकडची गाय पाच-सात लिटर दूध देते आणि बहुतेक पेंढा-गवतावर जगते. तिच्या पोटातला बायोटिनचा कारखाना सहसा बंद नसतो. बंद असते ती दुसरीच गोष्ट, तिच्याकडे आपण येऊच.

डांगीच्या खुराकडे पाहा

आपल्याच डोंगरात याचा जिवंत दाखला आहे. अकोले-इगतपुरीचा पट्टा आणि त्याला लागून ठाणे-पालघरचे डोंगर, तिकडे गुजरातचे डांग, ही डांगी जनावरांची भूमी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे हे जनावर धो-धो पावसात उघड्यावर चरते. त्याची कातडी तेलकट असते, त्यावरून पाणी ओघळून जाते. त्याचे खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण. त्याला कोणी बाटली पाजली नव्हती. पिढ्यान्पिढ्या दगड-चिखलात जी जनावरे टिकली त्यांचीच ही औलाद. म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत बैल पारखणारा जुना माणूस दात बघून थांबत नाही, खूरही बघतो. त्याला बायोटिन हा शब्द ठाऊक नसेल, पण खुरावर अख्खा बैल उभा असतो हे त्याला पक्के ठाऊक असते.

डांगीचे दूध कमी, म्हणून शेतकऱ्याने संकरित गाय आणली. त्यात गैर काही नाही. दुधाला कल्याण-ठाण्याची बाजारपेठ जवळ आहे, शासकीय योजनांतून दुधाळ जनावरेही मिळतात. पण जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची गाय आणताना तिचे खूर डांगीचे नाहीत, हे ध्यानात ठेवावे लागते. तिला आपण चार महिने ओल्या गोठ्यात, शेण-मुताच्या रेंद्यात उभी करतो. पाण्यात भिजलेले खूर मऊ पडते, मऊ खुराला खडा लागतो, जखमेत जंतू शिरतात. हे दुखणे बायोटिनच्या कमतरतेचे नाही, ते ओलीचे आहे. त्यावर बाटली काय करणार?

आधी दुखणे ओळखा

लंगडणारी प्रत्येक गाय बायोटिनची मागणी करत नसते. आधी पाय उचलून, धुऊन नीट बघा. खुरात खिळा, काटा, खडा रुतला आहे का? दोन नख्यांच्या बेचक्यात सूज, घाण वास, कुजल्यासारखे दिसते का? खूर वाढून पुढे वळले आहे का? तोंडातून लाळेच्या तारा, तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड, अंगात ताप असेल तर ती लाळ्या-खुरकूत समजा. ते जनावर वेगळे बांधा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा. लाळ्या-खुरकूत लसीनेच अडते. तिथे जीवनसत्त्वाच्या बाटलीवर विसंबून चार दिवस घालवले तर अख्ख्या पाड्याची गुरे लागतात.

मग कमी काय पडते?

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. आपल्याकडे भात भरपूर म्हणून पेंढा भरपूर. दिवाळीनंतर डोंगरावरचे गवत वाळते. त्यातले बरेच कापून, गाठी बांधून वर्षानुवर्षे मुंबईच्या तबेल्यांकडे गेले. आपल्या गुरांच्या वाट्याला उरतो तो पेंढा. पेंढ्यात प्रथिने अगदी थोडी, शंभर किलोत तीन-चार किलो. त्यात वाळूसारखी सिलिका जास्त, आणि कॅल्शियम अंगी लागू न देणारे क्षारही असतात. कोटीपोटातल्या जीवांना नत्र मिळाले नाही तर त्यांची वाढ होत नाही. मग पेंढाही नीट पचत नाही आणि जीवनसत्त्वेही तयार होत नाहीत. म्हणजे अडचण असलीच तर ती कारखान्याच्या कच्च्या मालाची आहे.

दुसरे, 'अ' जीवनसत्त्व. ते कोटीपोटात तयार होत नाही, हिरव्या चाऱ्यातूनच यावे लागते. माघ ते ज्येष्ठ नुसत्या वाळल्या चाऱ्यावर राहिलेल्या गाईला ते कमी पडते. कातडी कोरडी पडणे, रातांधळेपणा, वासरे अशक्त निपजणे ही त्याची लक्षणे. तिसरे, क्षार. खुराचे केराटिन घट्ट व्हायला जस्त, तांबे आणि गंधक लागते. हे कोणताही सूक्ष्म जीव तयार करू शकत नाही. ते चाऱ्यात नसेल तर वरून द्यावेच लागते.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा.

पहिला, हिरवा चारा. विहिरीच्या किंवा सांडपाण्याच्या ओलीवर दोन गुंठे तरी हत्ती गवत लावा, बांधावर सुबाभूळ, दशरथ घास लावा. द्विदल चाऱ्यात प्रथिने असतात आणि बायोटिनही असते. सुबाभळीचा पाला मात्र इतर चाऱ्यात मिसळून, बेतानेच घाला.

दुसरा, पेंढ्यावर प्रक्रिया. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून रचायचा, प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकायचा आणि २१ दिवसांनी उघडायचा. लागेल तेवढाच काढून थोडा वेळ हवेवर पसरायचा, मग घालायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो घालू नये. कोरडा युरिया किंवा युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी येता कामा नये, ते विष आहे. पहिल्या वेळी माहीतगार माणूस सोबत घेऊनच करा.

तिसरा, क्षार मिश्रण. मोठ्या दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम आणि सोबत थोडे मीठ. पिशवीवर आयएसआय खूण आणि त्यात जस्त, तांबे किती आहे ते लिहिलेले पाहूनच घ्या.

चौथा, आंबोण देण्याची पद्धत. पेंड-भरडा दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्या. वाढवायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. एकूण सुक्या खाद्यात निम्म्याहून जास्त वाटा चाऱ्याचाच असू द्या. लग्नातला भात गाईपुढे ओतू नका.

पाचवा, जमीन आणि खूर. गोठ्याला उतार द्या, मूत वाहून जाऊ द्या. गुळगुळीत फरशी नको. बसायच्या जागी भाताचे तूस किंवा सुका पालापाचोळा टाका आणि ओला झाला की बदला. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, वाढलेली खुरे माहीतगाराकडून साळून घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा खुरे धुऊन मग मोरचुदाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्यात अर्धा किलो या प्रमाणात, काही मिनिटे बुडवा. शेण लागलेले पाय तसेच बुडवले तर मोरचूद वाया जाते. ते पाणी गुरांना पिऊ देऊ नका, ओढ्यात किंवा खाचरात ओतू नका.

बायोटिन द्यायचेच असेल तर

काही गोठ्यांत ते द्यावे असेच आमचे मत आहे. होल्स्टीन रक्ताची, रोज पंधरा-वीस लिटर किंवा त्याहून जास्त दूध देणारी, भरपूर आंबोणावर असलेली, दिवसभर सिमेंटवर बांधलेली आणि दर वर्षी खुराने अडणारी गाय असेल, तर वर सांगितलेले सगळे करून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बायोटिन जरूर द्या. मात्र तीन गोष्टी पाळा.

एक, मात्रा. मोठ्या गाईला रोज २० मिलिग्रॅम. डब्यावरचा आकडा मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये, हे आधी बघा. एक हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. समजा, बाटलीवर दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम लिहिले आहे आणि तुम्ही रोज १०० मिलिलिटर पाजता. तर गाईच्या पोटात गेले फक्त एक मिलिग्रॅम, म्हणजे हव्या त्या मात्रेचा विसावा भाग. उलट, दोन टक्के बायोटिनची पूड असेल तर तिच्या एका ग्रॅममध्ये पुरे २० मिलिग्रॅम असतात. क्षार मिश्रणातून ती रोज देता येते.

दोन, मुदत. खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढते. बायोटिन जुने फाटलेले खूर सांधत नाही. वरून येणारे नवे खूर घट्ट येते आणि ते खाली उतरायला महिने लागतात. म्हणून निदान सहा महिने, खंड न पाडता द्यावे लागते. आषाढात गाय लंगडली की बाटली आणायची, हे बैल विकल्यावर गाडी घेण्यासारखे आहे. आषाढाच्या चिखलात गुण हवा तर म्हसा यात्रेच्या सुमारास, पौषातच सुरुवात करायला हवी.

तीन, हिशेब. रोजचा खर्च काढा, त्याला १८० ने गुणा आणि मग वाढणारे दूध नि वाचणारे औषधपाणी यांच्याशी ताडून पाहा. बायोटिन जास्त झाल्याने गाईला सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो खिशाला. पाच लिटरच्या गाईला हा हिशेब क्वचितच जमतो. तेच पैसे क्षार मिश्रणाला आणि चाऱ्याच्या ठोंबांना घाला.

गावकारभाऱ्यांनी काय करावे?

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही यात काम आहे. गाईचा पाय उचलून खूर बघायचे तर तिला सुरक्षित अडकवायला खोडा लागतो. अनेक गावांत तो नाही, म्हणून खूर कोणी बघतच नाही आणि साळतही नाही. चार लोखंडी नळ्यांचा पक्का खोडा हा ग्रामपंचायतीला न झेपणारा खर्च नव्हे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि पावसापूर्वी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून खूरतपासणीचे शिबिर भरवावे. गावातल्या दोन तरुणांना खूर साळण्याचे शिक्षण मिळाले तर त्यांनाही रोजगार होईल.

आणि योजनेतून गाय वाटताना, त्या घरी चाऱ्याचे दोन गुंठे आहेत का, गोठा कोरडा आहे का, हे आधी बघावे. चाऱ्याशिवाय दिलेली गाय पहिल्या पावसाळ्यात खुराने बसते, दुसऱ्या वर्षी विकली जाते आणि कर्ज काढले असेल तर हप्ते तेवढे राहतात. नुकसान त्या कुटुंबाचे होते आणि "दुधाचा धंदा परवडत नाही" ही बोलवा सगळ्या गावात पसरते.

बायोटिनला नावे ठेवण्याचे कारण नाही. ते चांगले आहे, पण ते शेवटच्या पायरीवरचे आहे. चारा, क्षार, कोरडी जागा आणि साळलेले खूर या पायऱ्या आधी चढाव्यात. एवढे झाले तर बहुतेक गोठ्यांत बाटलीची गरजच उरणार नाही. आज संध्याकाळी धार काढून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या गाईचा एक एक पाय उचलून, धुऊन बघावा. औषधाच्या दुकानात जायचे की नाही, ते त्यानंतर ठरवावे.